कचरूचा राग

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (2013) आम्ही परवा बेलपाड्याच्या घरी सहकुटुंब पुन्हा पाहिला. मुले अर्थातच जब्याच्या बाजूची. आमचे लक्ष मात्र त्याचा बाप कचरू माने याच्याकडे. किशोर कदम यांनी हा कैकाडी बाप असा उभा केला आहे, की तो अभिनय आहे हेच विसरायला होते. गाव हाक मारते, कचरू मान खाली घालून डुकरे धरायला जातो आणि शाळेतल्या पोरांदेखत जब्यालाही त्यात ओढतो. मेलेले डुक्कर बांधून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाईंची चित्रे. इथे आम्हाला नेहमी कचरूचाच राग येई.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (2014) मधला शाहीर नारायण कांबळे लगेच आपला वाटतो. जामिनावर सुटला की पुन्हा कामाला लागणारा! ती भूमिका करणारे वीरा साथीदार स्वतः नागपूरच्या चळवळीतले. 2021 साली ते गेले. असा माणूस आवडायला कष्ट पडत नाहीत. कचरूचे तसे नाही.

आमचे वडील नाक्यावर उभे राहून मजुरी करीत. शाळेत असताना एकदा मित्रांसमोर त्यांनी हाक मारली, हातात घमेले होते. आम्ही वळून पाहिले नाही.

परवा तेही खाटेवर बसून पाहत होते. शेवटी जब्याने धोंडा भिरकावला तशी नातवंडांनी टाळ्या पिटल्या. धाकटीने विचारले, “आबा, ह्याचा बाप असा कसा?”

वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पोरीचं लगीन काढलं होतं त्यानं.”