रिव्हॉल्व्हरची रिकामी पुंगळी : एका छोट्या सुधारणेची कथा

बी. ए. द्वितीय वर्ष

गोळीबाराच्या बातमीत आपल्या मराठी वृत्तपत्रांचे एक वाक्य ठरलेले असते : घटनास्थळावरून रिकाम्या पुंगळ्या ताब्यात घेण्यात आल्या. आपण ते वाचतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. परंतु ही पुंगळी म्हणजे नेमके काय, ती शस्त्रातून बाहेर कशी येते, आणि काही वेळा गोळ्या झाडल्या गेल्याचे स्पष्ट असूनही जागेवर एकही पुंगळी का सापडत नाही, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखात मी तोच प्रयत्न करणार आहे.

मी कला शाखेचा विद्यार्थी. यंत्रशास्त्राशी माझा संबंध नाही. पण आमच्या घरी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आहे. अशीच एक बातमी ऐकून आजोबांनी विचारले, "गोळी तर उडून गेली, मग मागं राहिलं ते कशाचं?" प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर शोधता शोधता मला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास चाळावा लागला.

काडतूस हा शब्द आपल्याला शालेय पुस्तकापासून ओळखीचा आहे, तो १८५७ मुळे. एनफिल्ड रायफलचे चरबी लावलेले काडतूस दातांनी तोडावे लागे, आणि त्यावरून शिपायांत असंतोष पेटला, हे आपण सर्वजण जाणतो. पण ते काडतूस कागदाचे होते, ही गोष्ट मात्र आपल्या लक्षात राहत नाही. कागदाच्या पुडीत दारू आणि गोळी असे. शिपाई पुडी फाडून दारू नळीत ओती, मागोमाग गोळी ठासी. बार उडाला की मागे काढून टाकण्यासारखे काही उरत नसे. म्हणजेच १८५७ च्या शिपायासमोर रिकाम्या पुंगळीचा प्रश्नच नव्हता.

योगायोग असा की त्याच १८५७ साली अमेरिकेत स्मिथ अँड वेसन या कंपनीने धातूचे काडतूस वापरणारे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. रोलिन व्हाइट या कारागिराने १८५५ मध्ये घेतलेल्या पेटंटचा त्यास आधार होता. प्रश्न जन्माला आला तो येथे.

धातूच्या काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची नळकांडीसारखी पुंगळी, तिच्या बुडाशी आघाताने पेटणारी टिकली (दिवाळीतल्या टिकल्यांचे बंदुकीतले भावंडच म्हणा ना!), पुंगळीच्या पोटात दारू, आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की घोडा आपटतो, टिकली पेटते, दारू जळून तिचा वायू होतो आणि तो गोळीला पुढे ढकलतो. गोळी जाते. टिकलीचे कवच आणि पितळेची पुंगळी तेवढी मागे राहते. आजोबांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे झाले.

पुंगळी पितळेचीच का? वायूच्या दाबाने ती क्षणभर फुगते, भोवतीच्या पोलादी घराला घट्ट चिकटते आणि वायूला मागच्या बाजूने निसटू देत नाही. दाब ओसरताच पितळ किंचित आकसते. या लवचिकपणामुळेच ती पुढे बाहेर काढता येते. पण ते आकसणे केसाएवढे असते. घर खडबडीत असेल, दारूची काजळी साठली असेल, तर पुंगळी अडून बसते. एकात एक घातलेले स्टीलचे दोन पेले जसे काही केल्या सुटत नाहीत, तशी गत होते. म्हणून रिव्हॉल्व्हरच्या पुंगळीच्या बुडाला बहुधा बाहेर आलेली एक बारीक कड ठेवलेली असते. पुढे जे काही शोध लागले, त्या सर्वांनी पुंगळीला पकडले आहे ते या कडेलाच.

रिव्हॉल्व्हर म्हणजे फिरत्या चक्राचे शस्त्र. चक्रात बहुधा सहा घरे असतात आणि दर वेळी एक घर नळीसमोर येते. सॅम्युअल कोल्ट याने १८३६ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये प्रत्येक घरात दारू व गोळी सुटी भरावी लागे. भरायला वेळ लागे, पण रिकामे काय करायचे हा प्रश्न नव्हता. धातूच्या काडतुसाने भरणे सोपे केले आणि रिकामे करणे अवघड करून ठेवले! स्मिथ अँड वेसनच्या त्या १८५७ च्या नमुन्यात चक्रच बाहेर काढावे लागे. नळीखाली एक दांडी बसवलेली असे; चक्राचे एकेक घर तिच्यावर दाबून पुंगळ्या ढकलायच्या, मग चक्र भरून पुन्हा जागेवर बसवायचे. अंगावर शत्रू धावून येत असता हे सारे कसे जमावे?

यावरचा खरा उपाय १८७० मध्ये आला. विल्यम डॉज याने १८६५ मध्ये आणि चार्ल्स किंग याने १८६९ मध्ये घेतलेल्या पेटंटांवर आधारून स्मिथ अँड वेसनने 'मॉडेल ३' हे रिव्हॉल्व्हर काढले. त्याची नळी पुढच्या बाजूला बिजागरीवर बसवलेली होती. कळ दाबून नळी खाली मोडली की तिच्याबरोबर चक्रही मागच्या बाजूने उघडे पडे. चक्राच्या मध्यभागी चांदणीच्या आकाराची एक चकती होती आणि तिचे दाते सहाही पुंगळ्यांच्या कडांखाली असत. नळी खाली झुकू लागली की बिजागरीतल्या यंत्रणेने चांदणी वर उचलली जाई आणि सहाही पुंगळ्या एकदम बाहेर येत. नळी पूर्ण झुकली की अडकण सुटे आणि स्प्रिंगच्या ओढीने चांदणी झटकन जागेवर जाऊन बसे. हात एकच, हालचाल एकच, आणि सहा घरे मोकळी.

हे समजण्यासाठी स्वयंपाकघरातले आप्पेपात्र डोळ्यांसमोर आणावे. एरवी आपण काडीने एकेक आप्पा उचकटून काढतो. प्रत्येक आप्प्याच्या कडेखाली एकेक बोट जाईल अशी चकती करून सारे आप्पे एका उचलीत बाहेर काढले, तर जे होईल तेच या चांदणीने केले.

मात्र नवी युक्ती निघाली म्हणजे जुनी लगेच मोडीत निघते असे नाही. १८७३ मध्ये अमेरिकी सैन्याने कोल्टचे जे रिव्हॉल्व्हर स्वीकारले, त्यात पुंगळ्या एकेकच काढाव्या लागत. मागच्या बाजूची झडप उघडायची, नळीच्या बाजूच्या दांडीने एक पुंगळी ढकलायची, चक्र एक घर फिरवायचे, पुन्हा दांडी. काम सावकाशीचे, पण सांगाडा एकसंध आणि दणकट. बिजागरीचे शस्त्र जलद, पण दोन तुकड्यांचे. वेग हवा की मजबुती, हा वाद पुढे अनेक वर्षे चालला.

इंग्रजांनीही एक वेगळी युक्ती करून पाहिली. १८८० च्या एनफिल्ड रिव्हॉल्व्हरमध्ये नळी झुकवली की चक्र पुढे सरके आणि पुंगळ्या मागे अडकून राहून गळून पडत. पण सर्वांत खालच्या घरातली पुंगळी बरेचदा गळतच नसे. शेवटी १८८७ मध्ये ब्रिटिश सैन्याने वेब्ली रिव्हॉल्व्हर स्वीकारले. त्यात मधून मोडणारी नळी आणि उचलणारी चांदणी हीच पद्धत होती. इंग्रजी अमलात हिंदुस्थानातील गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला दिसे ते मुख्यतः याच घराण्याचे शस्त्र. त्यातही दोष होताच. नळी हळूहळू मोडली तर एखादी पुंगळी घसरून चांदणीखाली जाई आणि चक्र अडे. शिवाय दोनच गोळ्या झाडलेल्या असल्या तरी चांदणी न उडालेली काडतुसेही उचले. तिला रिकाम्या-भरल्याचा भेद कळत नाही.

वेग आणि मजबुती यांचा मेळ घातला तो १८८९ मध्ये कोल्टने आणि १८९६ मध्ये स्मिथ अँड वेसनने. त्यांनी सांगाडा न मोडता केवळ चक्र दाराच्या फळीसारखे एका बाजूस बाहेर काढले आणि पुढची दांडी तळव्याने दाबली की तीच चांदणी मागून उचलली जाईल अशी योजना केली. जगातील बहुतेक रिव्हॉल्व्हरे आज याच पद्धतीची आहेत. आपल्या देशात मात्र वेब्लीचे वळण टिकून राहिले. कानपूरच्या आयुध निर्माणीचे परवानाधारक नागरिकांसाठीचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर अनेक वर्षे मधून मोडणारेच होते. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अमानुष घटनेनंतर स्त्रियांसाठी म्हणून २०१४ मध्ये कानपुरातूनच 'निर्भीक' नावाचे सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर निघाले, तेही याच वळणाचे. आणि काडतुसांचे म्हणाल, तर आपल्या पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे.

आता आजोबांच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर. रिव्हॉल्व्हर कितीही सुधारले तरी एक गोष्ट बदलली नाही : माणूस मुद्दाम उघडत नाही तोवर पुंगळ्या चक्रातच राहतात. स्वयंचलित पिस्तुलाचे तसे नाही. तेथे प्रत्येक बारासरशी मागचा भाग सरकतो, आकडा पुंगळीच्या कडेला धरून ओढतो आणि ती बाहेर फेकली जाते. म्हणून पिस्तूल चालले की जागेवर पुंगळी पडते. रिव्हॉल्व्हर चालले तर बहुधा पडत नाही.

या नव्या पिस्तुलांशी महाराष्ट्राची ओळख झाली ती इतिहासातील एका मोठ्या प्रसंगाने. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे हे काही काळ आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादेत (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) शिकत होते. त्यांच्या हाती होते ते ब्राउनिंग पिस्तूल. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर अशी वीस पिस्तुले पाठवली होती. पुढे त्या पिस्तुलांचा माग सरकारने लंडनपर्यंत काढला, आणि १९१० च्या मार्चमध्ये सावरकरांना तेथे अटक झाली. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फाशी गेले. शस्त्र मुके असले तरी ते आपला मागमूस ठेवून जाते, याचे हे उदाहरण.

आणि पुंगळी तर त्याहून बोलकी असते. घोड्याच्या टोकाचा टिकलीवर उमटलेला खड्डा, मागच्या पोलादी भिंतीचे बुडावर उठलेले ओरखडे, आकड्याने कडेवर केलेली खूण, या साऱ्या गोष्टी एका शस्त्राच्या दुसऱ्यासारख्या नसतात. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत दोन वस्तू शेजारी शेजारी दाखवणारा तुलनात्मक सूक्ष्मदर्शक वापरात आला आणि या खुणा न्यायालयात पुरावा म्हणून उभ्या राहू लागल्या. आपल्या राज्यात हे काम न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा करतात; त्यांचे मुख्य कार्यालय मुंबईत कालिना येथे आहे.

मित्रहो, हे सर्व लिहिण्यामागे एक कारण आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि आपल्या बीड जिल्ह्यातील शस्त्रपरवाने हा राज्यभर चर्चेचा विषय झाला. परवान्यांचा आकडा बाराशेच्या वर असल्याचे तेव्हा वृत्तपत्रांतून आले. २०२५ मध्ये प्रशासनाने त्यांतील शंभराहून अधिक परवाने रद्द केले. कमरेला शस्त्र लावून काढलेली छायाचित्रे आपल्यापैकी कित्येकांनी मोबाइलवर पाहिली आहेत, आणि खरे बोलायचे तर काहींना त्यांचे कौतुकही वाटले आहे.

त्या कौतुकाला अज्ञान खतपाणी घालते, असे मला वाटते. जी वस्तू आपल्याला आतून ठाऊक नसते तिचा दरारा वाटतो. झाकण काढून पाहिले की आत एक बिजागरी, एक चांदणी, एक स्प्रिंग आणि पितळेची सहा नळकांडी एवढेच निघते. ज्यांनी हे घडवले त्यांच्या बुद्धीचे कौतुक जरूर करावे. ते नुसते कमरेला अडकवणाऱ्याच्या वाट्याला यावे असे काही नाही. चाप ओढायला अक्कल लागत नाही. रिकामी पुंगळी बाहेर कशी काढावी, एवढ्याशा प्रश्नामागे मात्र शहाण्या कारागिरांची तीस-चाळीस वर्षे गेली.