बेक्ड पास्त्यात कोळंबी कच्चीच घाला
आधी परतलेली कोळंबी ओव्हनमध्ये पुन्हा शिजली की रबरासारखी होते, कारण साधारण ६० अंश सेल्सियसच्या आसपासच तिची प्रथिनं आवळून पाणी सोडू लागतात. म्हणून ती सोलून, कोरडी पुसून कच्चीच गरमागरम व्हाइट सॉसमध्ये मिसळावी. पास्ता पूर्ण शिजण्याच्या दोन मिनिटं आधी उपसावा आणि सॉस पातळ ठेवावा. ओव्हनमध्ये पास्ता तो शोषतोच. कोळंबी कच्ची राहील ही शंका रास्त आहे, पण थर उथळ असला की २०० अंशांवर १५-२० मिनिटांत ती शिजते. मधली एक कापून आतून पांढरी झाली का ते पाहावं.

वरून चीज घालायचं म्हटलं की मासळीवर चीज इटलीत वर्ज्य, हा आक्षेप हमखास येतो. पण तिथल्याच बारी शहराच्या तिएल्ला या पदार्थात शिनाण्यांवर पेकोरिनो पडतं, ग्रीक सागानाकीत कोळंबीवर फेटा. कोळंबीची चव दबेल असं वाटलं तर सौम्य मोझरेला घ्यावं आणि तिची टरफलं घालून उकळलेल्या, गाळलेल्या दुधाचा सॉस करावा.