मुक्त नकाशे आणि श्रेयाची अट

उर्दू नियतकालिकांत अन्य ठिकाणचा मजकूर घेतला, की खाली 'बशुक्रिया' लिहून मूळ अंकाचे नाव देतात. मराठीत त्या जागी 'साभार' असते. हा शब्द छापायला खर्च येत नाही. परंतु तो गाळला, तर मजकूर कोणाचा हे वाचकाला कळत नाही. संगणकावरील मुक्त नकाशांबाबत आज हाच प्रश्न उभा आहे. श्रेयाची अट म्हणजे काय आणि ती मोडणाऱ्याकडून पाळून कशी घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

'ओपनस्ट्रीटमॅप' हा नकाशा २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केला. जगभरचे स्वयंसेवक आपापल्या भागातील रस्ते, गल्ल्या, शाळा, दवाखाने त्यात नोंदवतात. ही माहिती कोणीही फुकट वापरावी, व्यापारासाठीही वापरावी. १२ सप्टेंबर २०१२ पासून ती 'ओपन डेटाबेस लायसन्स' या परवान्याखाली दिली जाते. त्याची एक मुख्य अट अशी की, या माहितीवरून बनवलेला नकाशा लोकांपुढे ठेवताना ती कोठून घेतली हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे. प्रचलित रीत म्हणजे नकाशाच्या कोपऱ्यात '© ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्ते' असे लिहून परवान्याच्या पानाचा दुवा देणे. छापील नकाशावर दुवा दाबता येत नाही, म्हणून तेथे पत्ता अक्षरांत छापावा.

मोठ्या कंपन्यांकडूनही ही अट सुटलेली आहे. मार्च २०१२ मध्ये ॲपलच्या 'आयफोटो'मध्ये अमेरिकेबाहेरच्या बऱ्याच प्रदेशांसाठी हीच माहिती वापरलेली आढळली. श्रेय मात्र नव्हते. ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनने जाहीरपणे कंपनीचे स्वागत केले आणि श्रेय नसल्याचे त्याच निवेदनात सांगितले. काही आठवड्यांनी श्रेय आले.

यावरून अंमलबजावणीची रीत ध्यानात येते. प्रथम पुरावा गोळा करावा. नकाशातील एखादी गल्ली, नावाचे चुकीचे शुद्धलेखन किंवा अर्धवट रस्ता दोन्हीकडे जसाच्या तसा असेल, तर मूळ स्रोत उघड होतो. त्या पानाचे चित्र तारखेसह जपून ठेवावे. नंतर सौम्य शब्दांत पत्र लिहावे, कारण पुष्कळदा चूक अज्ञानातून झालेली असते. असे पत्र कोणीही स्वयंसेवक लिहू शकतो. परंतु परवान्यानुसार रीतसर नोटीस देण्याचा अधिकार परवाना देणाऱ्या फाउंडेशनचा आहे. अट मोडताच वापरण्याचा हक्क आपोआप संपतो. पहिलीच नोटीस असेल आणि ती मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत चूक सुधारली, तर हक्क कायमचा परत मिळतो. शिक्षा करण्यापेक्षा सुधारणा घडवण्याकडे या तरतुदीचा कल आहे.

न्यायालयात जाण्याची वेळ आली, तर भारतात अडचण येते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नकाशा ही कलाकृती आणि संगणकीय माहितीसंच हे साहित्यकृती म्हणून समाविष्ट आहेत. परंतु 'ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये स्पष्ट केले, की केवळ श्रम आणि पैसा खर्च केल्याने कॉपीराइट मिळत नाही. थोडी तरी निर्मितिशीलता हवी. रस्ता कोठून कोठे जातो ही तर वस्तुस्थिती. युरोपीय संघात १९९६ च्या निर्देशानुसार माहितीसंचाला स्वतंत्र हक्क आहे. तसा आपल्याकडे नाही. म्हणून हा परवाना कॉपीराइटखेरीज कराराचाही आधार घेतो. तरीही व्यवहारात पत्रव्यवहार आणि लोकलज्जा यांचाच उपयोग अधिक होतो.

सुरतेसारख्या शहरात हा प्रश्न केवळ मानापमानाचा नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. अशा वेळी गल्लीबोळांचा अचूक नकाशा हाती असणे किती मोलाचे, हे निराळे सांगायला नको. २०२० मध्ये महापालिकेची हद्द पुन्हा वाढली. नकाशा सतत सुधारावा लागणारच. लिंबायत, उधना या भागांत गुजराती, मराठी, उर्दू बोलणारे शेजारी राहतात, आणि ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एकाच ठिकाणाचे नाव तिन्ही भाषांत वेगवेगळे नोंदवता येते. मात्र नकाशाखाली स्रोतच नसेल, तर चुकलेले नाव कोठे दुरुस्त करावे हे रहिवाशाला कळणार कसे? श्रेयाची ती ओळ म्हणजे दुरुस्तीचा पत्ताही आहे.

भारत सरकारने २०१७ मध्ये अधिसूचित केलेल्या मुक्त शासकीय माहिती परवान्यातही श्रेयाची अट आहे. तेव्हा आपल्या शाळा-महाविद्यालयांनी प्रकल्पवह्या, स्मरणिका व माहितीपुस्तिका यांतील प्रत्येक नकाशाखाली स्रोत लिहिण्याचा शिरस्ता पाडावा. स्वयंसेवकाला पगार नसतो. श्रेयाची ती एक ओळ हाच त्याचा मोबदला होय.