कंबरदुखी आणि गादीची निवड

कंबर दुखू लागली की गादी सोडून फळीवर निजावे, असा सल्ला घरोघरी दिला जातो. तो सर्वस्वी खरा नाही. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या 313 रुग्णांना कठीण अथवा मध्यम कठीण गादी देऊन 90 दिवस निरीक्षण करण्यात आले. 2003 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मध्यम कठीण गादीवर निजणाऱ्यांना अधिक आराम पडला.

कुशीवर निजले असता खांदा व नितंब गादीत थोडे रुतावे लागतात. फळीवर ते रुतत नाहीत आणि कमरेला आधार मिळत नाही. उलट फार मऊ गादीत कंबरच खाली जाते.

कापसाची गादी वापराने मध्यभागी दबते, गाठाळते. ती टाकण्यापूर्वी पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून पुन्हा भरून घ्यावी. नवी घ्यावयाची झाल्यास नुसती हाताने दाबून पाहू नये. दुकानदार कुरकुरला तरी नेहमीच्या कुशीवर दहा-पंधरा मिनिटे पडून पाहावे. 'ऑर्थोपेडिक' या नावावर विसंबू नये.

पायाला बधिरपणा वा अशक्तपणा आल्यास अथवा लघवीवरील ताबा सुटल्यास मात्र गादी बदलण्यात वेळ न दवडता तत्काळ डॉक्टरांकडे जावे.