एसएसमधील कनिष्ठ अधिकारीपदे

नाझी पक्षाच्या एसए या निमलष्करी दलात, म्हणजे लष्कराच्या धर्तीवर उभारलेल्या पक्षीय संघटनेत, साधारण कंपनीएवढ्या तुकडीला ‘श्टुर्म’ म्हणत आणि तिच्या प्रमुखाला ‘श्टुर्मफ्युरर’ हे पद असे. एसएस हे दल मूळचे एसएच्याच अधीन असल्याने तेथेही हीच पदरचना रूढ होती.

३० जून १९३४ रोजी सुरू झालेल्या हत्यासत्रात एसएचे नेतृत्व संपवण्यात आले, एसएस स्वतंत्र झाली आणि तिने आपली पदनामे बदलली. त्यानंतर ‘उंटरश्टुर्मफ्युरर’, ‘ओबरश्टुर्मफ्युरर’ आणि ‘हाउप्टश्टुर्मफ्युरर’ ही तीन कनिष्ठ अधिकारीपदे स्थिरावली, जी सैन्यातील अनुक्रमे सेकंड लेफ्टनंट, लेफ्टनंट आणि कॅप्टन यांच्या तोडीची मानली जात.

कॉलरच्या डाव्या बाजूला पहिल्या पदासाठी तीन चौकोनी बिल्ले असत. पुढच्या दोन पदांना त्यांच्या जोडीला अनुक्रमे एक आणि दोन पट्ट्या मिळत.

ही पदे कनिष्ठ असली तरी त्यांच्या हाती असलेली सत्ता भयावह होती: आउश्वित्झ छळछावणीत कैद्यांवर अमानुष प्रयोग करणारा डॉक्टर योसेफ मेंगेले हाउप्टश्टुर्मफ्युरर होता. म्हणूनच या पदांचा अभ्यास करताना गणवेशाच्या तपशिलाबरोबर, न्युरेंबर्गच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने १९४६ मध्ये एसएसला गुन्हेगारी संघटना ठरवले, हेही ध्यानात ठेवणे अत्यावश्यक आहे.