पिन एक, वायर वेगळी

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरानं वायरींवर का बोलावं, असं पुढच्या रांगेत कोणीतरी पुटपुटलं. ऐकू आलं मला. सांगतो.

माझे गुरुजी गेले, आणि त्यांच्या व्याख्यानांचे व्हिडिओ, जवळपास 200 जीबी, एकाच लॅपटॉपवर राहिले. त्याचा पंखा बंद पडलेला. अर्ध्या तासात तापायचा आणि बंद व्हायचा. मी सी-टाइप वायरनं बाहेरची डिस्क जोडली. पडद्यावर आलं, दीड तास लागेल! दोनदा प्रयत्न केला, दोनदा लॅपटॉप मध्येच बंद. थोडं थोडं उतरवता आलं असतं. पण तो पुढच्या खेपेला सुरू होईलच याची खात्री नव्हती.

नवी पेठेतल्या दुकानात गेलो. तिथला पोरगा वायर बघून म्हणाला, "सर, ही चार्जिंगची हाय." म्हटलं, अरे, पिन तर तीच आहे. "पिन तीच असतीय ओ, आत तारा कमी हाईत."

न्यायदर्शनात व्यक्ती, आकृती आणि जाती असा भेद करतात. आकृतीवरून जात ओळखायची. गाय ओळखता येते तशी. वायर मात्र येत नाही, इथं आकृती फसवते.

बघा, सी-टाइपच्या तोंडात 24 संपर्कबिंदू असतात. वर बारा, खाली बारा, म्हणून ती उलटसुलट कशीही बसते. पण प्रत्येक वायरीत त्या सगळ्यांना तारा जोडलेल्या नसतात. साध्या वायरीत विजेच्या तारा आणि माहितीची एक जोडी, बस्स. तिचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त 480 मेगाबिट, म्हणजे 60 मेगाबाइट. प्रत्यक्षात त्याहून बराच कमी. वेगवान वायरीत माहितीसाठी आणखी जोड्या असतात, ती 10 गिगाबिट किंवा त्याच्याही पुढे जाते. आणि काही स्वस्त वायरींत, विशेषतः एका टोकाला जुनी चपटी पिन असलेल्या, माहितीची तारच नसते. फोन चार्ज होतो, पण संगणकाला तो दिसतच नाही.

चार्जिंगचंही तसंच. साधी सी-टू-सी वायर 3 अँपियरपर्यंत, म्हणजे फार तर 60 वॅट. त्यावर जायचं तर वायरीच्या तोंडात एक चिप लागते. चार्जर तिला विचारतो, तुला 5 अँपियर झेपतील का? उत्तर आलं नाही तर तो 3 वरच थांबतो. म्हणून मोठा चार्जर घेऊनही लॅपटॉप रडतखडत चार्ज होतो. उलट, मोठ्या चार्जरनं फोन जळेल ही भीती मात्र काढून टाका. चांगला चार्जर 5 व्होल्टपासून सुरुवात करतो आणि फोन मागेल तेवढंच देतो.

भारतीय मानक ब्यूरोनं 2023 साली टाइप-सीचं मानक जाहीर केलं. युरोपात 28 डिसेंबर 2024 पासून नव्या फोनना हीच पिन सक्तीची झाली. चांगलं झालं, ड्रॉवरमधला गुंता कमी झाला. पण एक झाली ती पिन, वायर नव्हे. घेताना पाकिटावर वॅट आणि गिगाबिट, दोन्ही आकडे वाचा. नुसतं 'फास्ट' लिहिलेलं असेल तर दुकानदाराला विचारा, फास्ट काय? वीज की माहिती?

पोरानं 10 गिगाबिटची वायर दिली. लॅपटॉप आणि डिस्क दोन्ही वेगवान होते, अडवत होती ती मधली वायरच. रात्री लॅपटॉप गार झाल्यावर जोडली. बारा मिनिटांत गुरुजी डिस्कवर आले. त्या वायरीला मी लाल दोरा बांधून ठेवलाय, नातवंडांनी फोनला लावू नये म्हणून.