आंदर मावळात पाणी गाळताना

कान्हे फाट्यावरून टाकवे, वडेश्वर करत खांडीकडे निघालं की ठोकळवाडी धरणाचं पाणी बराच वेळ सोबत असतं. पुढे कुसूरच्या पठारावर मुक्कामाला जाणाऱ्याला मात्र पाणी पाठीवर घ्यावं लागतं. दिवसाला चार लिटर धरले, तरी दोन दिवसांचे आठ किलो झाले. म्हणून हल्ली अनेकांच्या सॅकमध्ये शंभर ग्रॅमहून हलका फिल्टर दिसतो.

अशा बहुतेक फिल्टरांच्या पोटात पोकळ तंतूंचा जुडगा असतो. तंतूंच्या भिंतींना 0.1 ते 0.2 मायक्रॉनची छिद्रं असतात. कॉलऱ्याचा जंतू साधारण अर्धा मायक्रॉन जाड आणि जुलाब लावणारा जिआर्डिया त्याच्या कितीतरी पट मोठा, त्यामुळे दोन्ही बाहेरच अडकतात.

बाजारात तीन नावं जास्त ऐकू येतात. लाइफस्ट्रॉ सगळ्यात साधा: नळी पाण्यात धरायची आणि ओढायचं. तो बनवणारी कंपनी आधी नारू रोगाच्या निर्मूलनासाठी गाळण्या बनवत होती. विहिरीचं पाणी कापडातून गाळून पिण्याचा धडा आपल्याकडेही गावोगाव दिला गेला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पण नळीने पाणी फक्त पिता येतं. भातासाठी पातेलं भरता येत नाही. कॅटाडिनचा बीफ्री 63 ग्रॅमच्या आसपास. त्याची धार जोरदार, पण तो त्याच्याच रुंद तोंडाच्या पिशवीवर बसतो. ती डोंगरात फाटली, की फिल्टर असून नसल्यासारखा. सॉयर स्क्वीझ थोडा जड, पण कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या आट्यांवरही बसतो.

खरी परीक्षा पावसाळ्यात. ओढा लाल गढूळ असतो. तेच पाणी थेट पिशवीत भरलं, तर आधी बोटभर जाड असलेली धार बघता बघता सुतासारखी होते आणि दाबून दाबून मनगटं दुखतात. तेव्हा सॉयरमधून सिरिंजने स्वच्छ पाणी उलट दिशेने मारावं लागतं. तंतूंत बसलेली माती तांबूस होऊन बाहेर येते. बीफ्रीला सिरिंज लागत नाही, तो पाण्यात खळबळून धुतात. दोन्हींचा त्रास टाळायचा, तर पाणी तासभर निवळू द्यावं आणि दुहेरी रुमालातून गाळून मगच भरावं.

पाणी काचेसारखं दिसलं तरी काम संपत नाही. काविळीचा हिपॅटायटिस-ए विषाणू सुमारे 0.03 मायक्रॉनचा, तो या छिद्रांतून आरपार जातो. लेप्टोस्पायराचे पिळदार जंतू 0.1 मायक्रॉन इतके बारीक, तेही 0.2 च्या छिद्रातून निसटू शकतात. त्यामुळे गाळलेल्या पाण्यात क्लोरिनचे थेंब टाकून अर्धा तास थांबायचं, नाहीतर पाणी मिनिटभर खळखळून उकळायचं. नुसत्या क्लोरिनवरही भागत नाही, कारण क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरिनला दाद देत नाही; त्याच्यासाठी फिल्टर किंवा उकळणंच लागतं. भातखाचरांतून उतरलेली खतं-औषधं मात्र फिल्टर, क्लोरिन आणि उकळणं यांपैकी कशानेच जात नाहीत. पाणी खाचरांच्या आणि गुरांच्या डबक्यांच्या वरच्या बाजूला, वाहत्या झऱ्यातूनच भरावं.

आंदर मावळापुरता निकाल सरळ आहे. सॉयरसारखा पिळायचा फिल्टर, त्याची सिरिंज, एक रुमाल आणि क्लोरिनची छोटी बाटली घ्यावी. एकट्या फिल्टरच्या भरवशावर पावसाळी पाणी पिऊ नये.